वाढीव तुकडीची फाईल: वाचकांचे प्रश्न

बी.एड. आणि डी.एल.एड. महाविद्यालयांची प्रवेशक्षमता वाढवण्यावरून होणाऱ्या वादांबद्दल संस्थाचालक, प्राचार्य आणि विद्यार्थी अशा तिघांकडून प्रश्न आले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. प्रत्येक ठिकाणी संदर्भ राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद (एनसीटीई) अधिनियम, १९९३ आणि परिषदेचे २०१४चे विनियम यांचा आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेचं बी.एड. महाविद्यालय एका तुकडीचं, म्हणजे ५० जागांचं आहे. अर्ज मागवले की १०० जागांसाठी अर्ज करायचा आहे. जागा, इमारत, कर्मचारी आणि पैसे असं नेमकं काय काय लागेल? — संस्थेचे सचिव, जालना जिल्हा

५०च्या १०० जागा होतात हे खरं, पण अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. म्हणजे आवारात एका वेळी १०० नव्हे, २०० विद्यार्थी असतील. तुमचा सगळा आराखडा या २००वर बसवा. पहिल्या वर्षी निभावतं आणि दुसऱ्या वर्षी ताण येतो, तो हा हिशेब चुकल्यामुळेच.

जमीन : पहिल्या ५० जागांसाठी २५०० चौरस मीटर आणि वाढीव ५०साठी आणखी ५०० चौरस मीटर. सातबाऱ्याच्या भाषेत एकूण ३० आर. बांधकाम : पहिल्या तुकडीला १५०० चौरस मीटर, वाढीव तुकडीला आणखी ५००, म्हणजे एकूण २००० चौरस मीटर. हे साधारण साडेएकवीस हजार चौरस फूट होतं. बहुउद्देशीय सभागृह मात्र विनियमात चौरस फुटांत दिलं आहे : २०० आसनांचं, २००० चौरस फुटांचं. एकाच तक्त्यात मीटर आणि फूट आल्यामुळे अर्ज भरणारा कारकून हमखास गोंधळतो. सभागृहापुढे '२००० चौ.मी.' असं लिहिलेला अर्ज तपासणी पथकाच्या मोजणीशी जुळेल तरी कसा? सगळे आकडे दोन्ही मापांत लिहून अभियंत्याकडून ताडून घ्या.

अध्यापक : एका तुकडीला ८ आणि दोन तुकड्यांना १६ पूर्णवेळ. या १६ जणांत प्राचार्य १, शिक्षणाच्या सैद्धांतिक विषयांचे ४, अध्यापनशास्त्राचे म्हणजे गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांचे मिळून ८, शारीरिक शिक्षण १, चित्रकला १ आणि संगीत, नृत्य किंवा नाट्य यांपैकी १. शेवटची दोन पदं बहुतेकांची रिकामी असतात, आणि त्रुटींच्या यादीत तीच वर येतात. प्राचार्यांना पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. या दोन्हींत ५५ टक्के, पीएच.डी. आणि अध्यापक महाविद्यालयातला ८ वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. कर्मचारी यादीला विद्यापीठाची मान्यता हवी आणि तिच्या प्रत्येक पानावर कुलसचिवांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी. फक्त शेवटच्या पानावर सही असलेली यादी परत येते.

पैसे : प्रत्येक अभ्यासक्रमाच्या प्रत्येक तुकडीमागे ५ लाखांचा कायम निधी आणि ७ लाखांचा राखीव निधी मुदत ठेवीत लागतो. म्हणजे वाढीव तुकडीसाठी वेगळे १२ लाख. ठेव किमान ६० महिन्यांची आणि एनसीटीईच्या प्रादेशिक संचालकांसह संयुक्त नावाची असते. २०१४च्या विनियमांत प्रक्रिया शुल्क दीड लाख रुपये आहे.

जागा आणि माणसं यांच्या गडबडीत सरावशाळांचा विसर पडतो. दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत जातात, त्यातली सलग आंतरवासिता १६ आठवड्यांची. तालुक्याच्या गावात दोन-तीनच माध्यमिक शाळा असतील तर शंभर छात्राध्यापकांना वर्ग द्यायचे कुठून? शाळांची संमतिपत्रं आधी गोळा करा. ती मिळत नसतील तर तुकडी वाढवू नका, हे आमचं स्पष्ट मत आहे. तपासणीत हे निभावलं, तरी नुकसान शिकणाऱ्यांचंच होतं.

आणखी एक. एनसीटीई दरवर्षी सगळ्या अभ्यासक्रमांसाठी अर्ज मागवतेच असं नाही. २०१४च्या विनियमांत १ मार्च ते ३१ मे ही मुदत लिहिलेली असली, तरी कोणत्या अभ्यासक्रमाचे अर्ज घेणार हे जाहीर सूचनेवरून ठरतं. ती सूचना वाचल्याशिवाय बांधकामाला हात घालू नका.

प्रश्न : वाढीव तुकडीचा आमचा अर्ज नाकारला. कारणं तीन : जमिनीवर बोजा आहे, इमारत पूर्णत्वाचा दाखला सक्षम अधिकाऱ्याचा नाही आणि विद्यापीठाचं ना-हरकत पत्र अर्जासोबत नव्हतं. अपील करावं की थेट उच्च न्यायालयात जावं? — विश्वस्त, सोलापूर जिल्हा

आधी अपील. अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे प्रादेशिक समितीच्या (आपापल्या राज्यांतल्या मान्यतेचे निर्णय घेणाऱ्या एनसीटीईच्या समितीच्या) आदेशावर परिषदेकडे अपील करता येतं आणि नियमांनुसार त्याला ६० दिवसांची मुदत आहे. दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजा. ईमेल उशिरा पाहिला म्हणून मोजणी पुढे ढकलू नका. सबळ कारण असेल तर उशिराचं अपीलही घेतात, पण मग कारण पटवण्यातच पहिली सुनावणी जाते. हा मार्ग शिल्लक असताना रिट याचिका केली, तर 'आधी अपील करा' असं सांगून न्यायालय बहुतेक वेळा परत पाठवतं. कारणे दाखवा नोटीस न देताच नकार दिला असेल, किंवा आदेश देणाऱ्याला तो अधिकारच नसेल, तर गोष्ट वेगळी. कलम १४ आणि १५ दोन्हींत नकारापूर्वी लेखी म्हणणं मांडायची संधी देणं बंधनकारक आहे.

आता तुमची तीन कारणं एका मापाची नाहीत. अपिलाचा मसुदा करणारे वकील ती एकाच परिच्छेदात उरकतात आणि चांगला मुद्दा वाईट मुद्द्याबरोबर बुडतो.

पूर्णत्वाच्या दाखल्याची त्रुटी भरून निघण्यासारखी आहे. इमारत अर्जाच्या वेळी उभी होती, फक्त कागद खासगी वास्तुविशारदाचा होता, असं असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद बांधकाम विभाग किंवा महापालिका यांच्या सक्षम अभियंत्याचा दाखला घेऊन अपिलाला जोडा. अशा वेळी प्रकरण फेरविचारासाठी प्रादेशिक समितीकडे परत जाण्याची शक्यता चांगली असते. दाखल्यात मजलानिहाय क्षेत्रफळ, छताचा प्रकार आणि गट क्रमांक हवा. हा गट क्रमांक, सातबाऱ्यावरचा, मंजूर नकाशावरचा आणि बिनशेती आदेशातला, असे चारही एक आहेत का, ते बोट ठेवून पाहा. गटाची फोड झाली की सातबाऱ्यावर १४२/१ येतं आणि नकाशावर जुना १४२च राहतो. मग 'जमीन एक आणि इमारत दुसरीकडे' असा शेरा बसतो. पत्र्याचं किंवा ॲस्बेस्टॉसचं छप्पर असलेली शेड आवारात ठेवू नका. विहित क्षेत्रफळापेक्षा जास्तीची असली तरी ती विनियमांना चालत नाही.

बोजाचा मुद्दा कठीण आहे. विनियम सांगतो की अर्जाच्या तारखेला आवश्यक जमीन संस्थेच्या ताब्यात आणि बोजारहित हवी. ती मालकीची असावी किंवा शासनाकडून अथवा शासकीय संस्थेकडून किमान ३० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलेली असावी. खासगी मालकाचा भाडेपट्टा चालत नाही. तुमच्या सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचं नाव आहे का, ते पाहा. आहे पण कर्ज अर्जापूर्वीच फिटलं होतं, फक्त नोंद कमी करायची राहून गेली, अशी स्थिती असेल तर बाजू बळकट आहे. बँकेचं कर्ज निरंक असल्याचं तारखेसह पत्र घ्या, तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवा, मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला की नवा सातबारा आणि फेरफाराची प्रत दोन्ही अपिलाला जोडा. मात्र कर्ज अर्जानंतर फिटलं असेल, तर 'अर्जाच्या तारखेला' या शब्दांपुढे युक्तिवाद टिकणं अवघड आहे. त्यावर पैसे घालवण्यापेक्षा पुढच्या अर्जाची तयारी करा. त्याच उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (म्हणजे शासनाने अटींवर दिलेली जमीन) लिहिलेलं असेल, किंवा जमीन संस्थेऐवजी अध्यक्षांच्या वैयक्तिक नावावर असेल, तरीही उत्तर हेच.

ना-हरकत पत्र अर्जासोबतच द्यायचं असतं. विद्यापीठाकडे वेळेत मागणी करूनही ते उशिरा मिळालं असेल, तर मागणी अर्जावरचा आवक शिक्का आणि स्मरणपत्रं हाच तुमचा पुरावा. शिक्का नसेल तर सांगण्यासारखं फारसं उरत नाही. आणि ऑनलाइन अर्ज केल्यावर छापील प्रत जमिनीच्या कागदांसह १५ दिवसांत पोचली नाही तर अर्ज तपासणीविना फेटाळला जातो, हेही पुढच्या वेळी ध्यानात ठेवा.

अपिलातही नकार आला तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६खाली उच्च न्यायालयात रिट. त्यात 'आम्हाला मान्यता द्या' अशी मागणी करून सहसा उपयोग होत नाही, कारण न्यायालय तज्ज्ञ संस्थेच्या जागी बसून मान्यता देत नाही. 'अमुक कागद विचारात न घेता दिलेला आदेश रद्द करून ठरावीक आठवड्यांत नव्याने निर्णय घ्यावा' अशी मागणी करा.

प्रश्न : जिल्ह्यात बी.एड.च्या जागा रिकाम्या राहतात म्हणून वाढीव तुकडी नको, असं शासनाने कळवलं तर अर्ज तिथेच संपतो का? आणि एनसीटीईने परवानगी दिल्यावर विद्यापीठ संलग्नता नाकारू शकतं का? — प्राचार्य, नांदेड

दोन्ही प्रश्नांवर सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय आहेत. 'सेंट जॉन्स टीचर्स ट्रेनिंग इन्स्टिट्यूट' प्रकरणात (२००३) राज्याचं मत मागवणं वैध ठरलं, पण शेवटचा निर्णय प्रादेशिक समितीचा, हेही स्पष्ट झालं. दुसरा निर्णय तर महाराष्ट्राचाच आहे. एनसीटीईने मान्यता दिली होती आणि राज्याने धोरण म्हणून परवानगी नाकारली होती. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध संत ज्ञानेश्वर शिक्षणशास्त्र महाविद्यालय' (२००६) या निर्णयात न्यायालयाने सांगितलं की हे क्षेत्र संसदेच्या कायद्याने व्यापलं आहे, राज्याला धोरणाच्या आधारे ते अडवता येत नाही.

म्हणून राज्याचा शेरा दुर्लक्षित करावा, असं मात्र नाही. २०१४च्या विनियमांप्रमाणे राज्य प्रतिकूल मत देताना आकडेवारीसह कारणं देतं आणि समितीला ती विचारात घ्यावी लागतात. जिल्ह्यात खरोखरच जागा रिकाम्या असतील तर समितीही तेच म्हणेल. तुमच्या महाविद्यालयातल्या गेल्या तीन वर्षांच्या भरलेल्या जागांचा, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतला फेरीनिहाय तक्ता आधीच जोडा.

संलग्नतेचं उत्तर थोडं वेगळं आहे. मान्यता मिळाल्यावर परीक्षा घेणाऱ्या संस्थेने संलग्नता द्यावी, असं कलम १४(६) सांगतं. पण 'भारतीय एज्युकेशन सोसायटी विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य' (२०११) या निर्णयात मान्यता आणि संलग्नता यांचे हेतू वेगळे असल्याचं न्यायालयाने सांगितलं. पात्रता, प्रवेश, परीक्षा याबाबत विद्यापीठ आपल्या अटी घालू शकतं. एनसीटीईने तपासलेलीच जमीन आणि इमारत पुन्हा काढून 'गरज नाही' म्हणणं मात्र टिकायला कठीण. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधल्या अतिरिक्त तुकडीच्या कलमांप्रमाणे (कलम १०९ पासून पुढे) विद्यापीठाकडे वेगळा अर्ज वेळेत करा. एनसीटीईचा आदेश आल्यावर करू, म्हणून थांबलात तर एक वर्ष फुकट जातं.

प्रश्न : परवानगीचा आदेश आम्हाला मे महिन्यात मिळाला. याच वर्षी ५० जागा भरता येतील का? न्यायालयाकडून अंतरिम आदेश मिळेल का? — संस्थाचालक, धुळे

नाही. पुढच्या सत्राच्या अर्जांवर ३ मार्चपर्यंत निर्णय व्हावा, असं वेळापत्रक विनियमातच आहे. 'माँ वैष्णोदेवी महिला महाविद्यालय विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य' (डिसेंबर २०१२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्यता, संलग्नता आणि प्रवेश यांच्या तारखा सगळ्यांवर बंधनकारक असल्याचं कडक शब्दांत सांगितलं. अर्धं सत्र उलटल्यावर घेतलेल्या विद्यार्थ्यांचे २०० कामाचे दिवस भरत नाहीत, हे त्यामागचं साधं कारण आहे. तुमच्या जागा पुढच्या वर्षीच्या. तोपर्यंत विद्यापीठाकडून जागांची नोंद करून घ्या आणि ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या जागांच्या तक्त्यात आली का, ते स्वतः पाहा.

प्रश्न : आमच्या जुन्या मान्यतापत्रावर १०० जागा होत्या. २०१५च्या सुधारित आदेशात ५० झाल्या. या कपातीला आता आव्हान देता येईल का? — सेवानिवृत्त प्राचार्य, अमरावती

आधीच्या विनियमांत १०० विद्यार्थ्यांची एकच तुकडी होती. २०१४च्या विनियमांनी तुकडी ५०ची केली आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्या वेळी संस्थांकडून एक की दोन तुकड्या असा पर्याय प्रतिज्ञापत्रावर घेण्यात आला. तुमच्या कार्यालयात ते प्रतिज्ञापत्र शोधा. त्यावर 'एक तुकडी' लिहिलेलं असेल तर ही तुमचीच निवड होती आणि वाद उरत नाही. 'दोन' लिहूनही जमीन किंवा अध्यापक कमी म्हणून एकच दिली असेल, तर तो आदेश अपिलाला पात्र होता. पण इतकी वर्षं स्वस्थ बसून आता आव्हान दिलं, तर विलंबाच्या मुद्द्यावरच ते फेटाळलं जाण्याचा संभव फार. वाढीव तुकडीचा नवा अर्ज हाच मार्ग.

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या निकालानंतर डी.एल.एड.ला मागणी वाढली आहे. बंद पडलेली तुकडी पुन्हा सुरू करणं सोपं जाईल का? — अध्यापक विद्यालयाचे कर्मचारी, बीड

११ ऑगस्ट २०२३च्या 'देवेश शर्मा' निकालाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता राहिली नाही, हे बरोबर. पण मागणी वाढली म्हणून निकष सैल होत नाहीत. डी.एड.च्या (डी.एल.एड.चं जुनं नाव) बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव आहेच. इथल्या २९१ डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला आणि त्याच्या २०१२च्या अहवालातून पुढे २०१४चे कडक विनियम आले. मान्यता काढून घेतल्याचा आदेश झालेला असेल तर तुकडी 'पुन्हा सुरू' होत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. फक्त प्रवेश शून्य राहिले असतील आणि मान्यता शाबूत असेल, तर अध्यापक भरून यादी मान्य करून घ्या आणि परिषदेचा कामगिरी अहवाल ऑनलाइन भरलेला आहे का, ते तपासा.

प्रश्न : आमचं महाविद्यालय गोव्यात आहे. याचिका गोव्यातच करायची की दिल्लीत? — वाचक, फोंडा

गोवा, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही राज्यं पश्चिम प्रादेशिक समितीकडे येतात. तिचं कार्यालय पूर्वी भोपाळला होतं, आता दिल्लीत आहे. आदेश दिल्लीत झाला म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात जाता येतं, आणि परिणाम गोव्यात झाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातही. मूळ नोंदी दिल्लीत आणि तुमची माणसं गोव्यात, हा खर्चाचा हिशेब करून ठरवा. दोन्हीकडे याचिका मात्र करू नका.

प्रश्न : माझ्या बहिणीला एका महाविद्यालयाने 'वाढीव तुकडीची मंजुरी आलीच आहे' असं सांगून प्रवेश दिला. पूर्ण शुल्क घेतलं, वर्ग सुरू झाले. तीन महिने झाले तरी पीआरएन नंबर (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आलेला नाही. काय करावं? — वाचक, लातूर जिल्हा

पीआरएन न येणं हीच धोक्याची घंटा आहे. मंजूर क्षमतेबाहेरच्या विद्यार्थ्याची पात्रता नोंद विद्यापीठ करत नाही. नोंद नाही तर परीक्षेचा अर्ज नाही. 'आदर्श शिक्षा महाविद्यालय' प्रकरणात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने मान्यता नसलेल्या संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू देऊ नये, अशी भूमिका घेतली. सहानुभूतीवर प्रवेश नियमित होतील, ही आशा धरू नका. आणि कलम १७(४) प्रमाणे मान्यता काढून घेतल्यावर चालवलेल्या अभ्यासक्रमाची पदवी शासकीय किंवा अनुदानित शाळेच्या नोकरीला वैध धरली जात नाही. दोन वर्षं आणि सगळं शुल्क देऊन हातात असा कागद येणं, याइतकं वाईट दुसरं नाही.

या आठवड्यातच पुढचं करा. महाविद्यालयाकडे लेखी अर्ज देऊन वाढीव तुकडीच्या एनसीटीई आदेशाची आणि विद्यापीठाच्या संलग्नता पत्राची प्रत मागा आणि पोच घ्या. एनसीटीईच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्या महाविद्यालयापुढची जागांची संख्या पाहा, तिचा तारखेसह छापील कागद काढा. बहिणीचा प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला की संस्था स्तरावर, आणि प्रवेश नियामक प्राधिकरणाने मान्य केलेल्या यादीत तिचं नाव आहे का, तेही विचारा. संस्था स्तरावरच्या प्रवेशांनाही ही मान्यता लागतेच.

आदेश नाही असं निघालं तर शुल्क परतीची मागणी लेखी करा, आणि विद्यापीठाचे कुलसचिव व प्रवेश नियामक प्राधिकरण यांच्याकडे तक्रार द्या. मंजूर शुल्काबाहेर पैसे घेतले असतील तर १९८७चा कॅपिटेशन फी बंदी कायदाही लागू होतो. शुल्काच्या पावत्या नीट पाहा : त्यावर 'शिक्षण शुल्क' आहे की 'देणगी', आणि पावती महाविद्यालयाची आहे की ट्रस्टची. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला महाविद्यालयात जमा असेल तर ते आधी परत मागा, कारण दुसरीकडच्या चालू फेरीत प्रवेश घ्यायचा झाला तर पहिल्याच दिवशी तेच लागतात.